नागपुरात राखणदार-मेंढपाळ मिश्र कुत्रा निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलनीत एखादी चोरी झाली, वावरात बिबट्याचे ठसे दिसले, किंवा मॅलिनॉइज (पोलिस-लष्करात असतो तो बेल्जियमचा मेंढपाळी कुत्रा) भिंतीवरून उडी मारतानाचा व्हिडिओ कुणी फोनवर पाठवला, की लोक कुत्रा शोधायला निघतात. मागणी बहुतेकदा एकच असते: "शेफर्डचा तगडा क्रॉस पाहिजे. घरही राखेल आणि हुशारही असेल." हौसेने आणलेले असे कुत्रे दीड-दोन वर्षांचे झाले की दिवसभर साखळीला बांधलेले दिसतात. हिंगण्यापासून कामठीपर्यंत अशी घरं मी पाहत आलो आहे. त्यातल्या बहुतेक कुत्र्यांत काही खोट नव्हती, ते त्या घरासाठी नव्हते एवढंच. म्हणून पैसे देण्याआधी हे वाचा.

हे मिश्र कुत्रे म्हणजे नेमके कोणते?

आपल्याकडे सर्वांत जास्त दिसतात ते जर्मन शेफर्ड-रॉटवायलर, जर्मन शेफर्ड-मॅलिनॉइज आणि शेफर्ड-देशी. हिमालयातल्या भोटिया किंवा गद्दी कुत्र्याचा शेफर्डशी झालेला संकरही मिळतो, आणि हल्ली बॉर्डर कॉलीचे क्रॉसही येऊ लागले आहेत.

यांच्या पूर्वजांची कामं दोन. एक, कळपाची राखण. भोटिया, गद्दी, तुर्कस्तानचा कंगाल हे कुत्रे मेंढरांतच वाढतात, त्यांच्यातच झोपतात आणि लांडगा किंवा बिबट्या आला की कुणाच्या हुकमाची वाट न बघता अंगावर जातात. दुसरं काम कळप वळवण्याचं. बॉर्डर कॉली नजर रोखते, दबकत पुढे सरकते, वळसा घालून मेंढरं एकत्र करते, आणि हे सगळं मेंढपाळाच्या शिटीवर. रॉटवायलरही मुळात खाटकांची गुरं बाजाराकडे हाकत नेणारा.

जर्मन शेफर्ड या दोहोंच्या मधे बसतो. कुंपण नसलेल्या शेतांच्या कडेने मेंढरं चरत असताना तो दिवसभर हद्दीवर येरझाऱ्या घालायचा, एकही मेंढरू पिकात शिरू द्यायचा नाही. १८९९ साली जर्मनीत या जातीची पहिली नोंद झाली ती अशाच मेंढपाळी कुत्र्यांतून. तुमच्या शेजाऱ्याचा शेफर्ड कंपाउंडच्या भिंतीला धरून गवतात पायवाट पाडतो ना, ते त्याचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम आहे. त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

हाय ड्राइव्ह म्हणजे रागीट का?

नाही. ड्राइव्ह म्हणजे एखाद्या गोष्टीमागे लागण्याची ओढ आणि ती ओढ किती वेळ टिकते ते. साध्या कुत्र्याचा चेंडू दिवाणाखाली गेला तर तो दोनदा वास घेतो, तुमच्याकडे बघतो आणि पंख्याखाली जाऊन पडतो. हाय ड्राइव्ह कुत्रा तिथेच आडवा होतो, पंजा आत घालतो, दुसऱ्या बाजूने जाऊन बघतो, चादर ओढतो. अर्ध्या तासाने तुम्ही स्वयंपाकघरातून बाहेर येता तेव्हाही तो दिवाणाला नाक लावून बसलेला असतो आणि फरशीवर नखांचे ओरखडे असतात. त्याला राग आलेला नसतो, त्याला ते काम सोडताच येत नाही. पोलिसांना आणि लष्कराला असाच कुत्रा लागतो. तुम्हाला लागतो का, हा प्रश्न आहे.

दोन जातींचे गुण एकत्र आले तर एकाच कुत्र्यात दोन कामं होतील ना?

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कुत्र्याच्या शिकारीच्या वागण्याला पायऱ्या असतात: रोखून बघणं, दबा धरणं, पाठलाग, पकडणं, फाडणं. कळप वळवणाऱ्या जातींत माणसाने पहिल्या तीन पायऱ्या ताणून ताणून तीव्र केल्या आणि शेवटच्या दाबून टाकल्या. कळप राखणाऱ्या जातींत ही सगळी साखळीच झोपवली. म्हणूनच तो कोकरांच्या मधे निजू शकतो. त्याच्यात वाढवला तो परक्याबद्दलचा संशय आणि स्वतःच निर्णय घेण्याची सवय.

आता या दोघांची पिल्लं झाली तर कुणाकडून काय उतरेल हे ठरवणारं कुणी नसतं. एकाच वेतातली दोन भावंडंही अगदी वेगळी निघतात. एखाद्या पिल्लात आईची समज आणि बापाचा धीर येतो आणि तो फार सुंदर कुत्रा होतो, असे मी पाहिले आहेत. पण नेमकं उलटही होतं. हलणाऱ्या प्रत्येक वस्तूमागे धावण्याची मेंढपाळी ओढ, आणि सोबत राखणदाराचा संशय व चावायची तयारी. असा कुत्रा गल्लीत कुणासाठी धोक्याचा ठरतो? सायकलवरच्या पोट्ट्यांसाठी, सकाळी जॉगिंग करणाऱ्या काकांसाठी, स्कुटीवरून पेपर टाकणाऱ्यासाठी. जे हलतं ते त्याला थांबवायचं असतं, आणि जे अनोळखी आहे ते त्याला आत येऊ द्यायचं नसतं.

अडचण आणखी एक आहे. वळवणारा कुत्रा माणसाच्या तोंडाकडे बघून काम करतो, राखणारा स्वतःच्या मनाने. मिश्र कुत्र्याला तुम्ही "बस" म्हणालात तर तो पंचवीस वेळा बसेल आणि सव्विसाव्या वेळी, फाटकाशी कुणी आलेलं असताना, स्वतःचा निर्णय घेईल. म्हणून अशा कुत्र्याच्या घराला दुहेरी फाटक लागतं, किंवा निदान आतून कडी लागणारं एक आणि मधे एक जाळीचं दार. आज्ञापालनाच्या भरवशावर फाटक उघडं टाकता येत नाही.

मनीषनगरला दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. जमेल का?

माझं उत्तर बहुतेकांना नाही असंच असतं. जागा हे त्याचं मुख्य कारण नाही. लिफ्टचं दार उघडलं की समोर अचानक माणूस, जिन्यात मुलं, वरच्या मजल्यावर खुर्ची सरकवल्याचा आवाज, हे सगळं राखणदार रक्ताच्या कुत्र्याला दिवसभर ताणत राहतं. घरात पूर्ण वेळ कुणी असेल, आधी असा कुत्रा सांभाळला असेल आणि रोज पहाटे बाहेर मोकळ्यावर न्यायची तयारी असेल, तर शेफर्ड-देशीसारखा मध्यम ओढीचा मोठा झालेला कुत्रा बघा. मॅलिनॉइजचं रक्त असलेलं पिल्लू फ्लॅटमध्ये आणू नका.

काटोलकडे संत्र्याची बाग आहे. वावरात राखणीला ठेवला तर?

आधी राखण कशापासून हवी ते ठरवा, कारण उत्तर त्यावर बदलतं.

चोरांपासून असेल तर भुंकणारा कुत्रा आणि जवळ राहणारा माणूस ही जोडी लागते. मालक रविवारी येतो आणि बाकी सहा दिवस कुत्रा एकटा, गडी सकाळी भाकर टाकून जातो, अशा व्यवस्थेत कुत्रा राखण करत नाही. तो एक तर पळून गावात जातो, नाहीतर येईल त्याला चावायला शिकतो.

रानडुकरांपासून असेल तर मोठ्या कळपापुढे कुत्र्याचं काही चालत नाही. हाय ड्राइव्ह कुत्रा मागे हटत नाही आणि सुळ्याने पोट फाडून घेतो. वावराच्या भोवती रात्री वीजप्रवाह सोडलेल्या तारा, तारेचे फास, विष घातलेलं आमिष यांनीही आपल्या भागात कुत्री मरतात. तारेत सोडलेल्या विजेने माणसंही मेली आहेत आणि असा प्रवाह सोडणं बेकायदा आहे. शेजारच्या वावरात काय लावलंय याची चौकशी केल्याशिवाय कुत्रा रात्री मोकळा सोडू नका.

बिबट्याचं वेगळं. कुत्रा हे बिबट्याचं आवडतं भक्ष्य आहे. गोरेवाडा, हिंगणा, कळमेश्वरच्या पट्ट्यात बिबटे आहेतच, मे २०२१ मध्ये तर गायत्रीनगर-आयटी पार्कच्या भागातही एक दिसला होता. साखळीला बांधलेला कुत्रा त्याला आयताच सापडतो. रात्री कुत्रा वरून जाळी असलेल्या भक्कम पिंजऱ्यात किंवा बंद खोलीत असावा. तिथून भुंकला तरी सूचना मिळते, तेवढं पुरे. रात्री बाहेर राहणाऱ्या कुत्र्यांच्या गळ्यात धनगर लोखंडी खिळ्यांचा पट्टा घालतात तो उगाच नाही, कारण बिबट्या मान धरतो. पण पट्ट्यावर विसंबून कुत्रा एकटा ठेवू नये. धनगरांकडे सोबत दुसरी कुत्री असतात आणि माणूसही जागा असतो.

शेळ्या राखायच्या असतील तर मेंढपाळी रक्ताचा मिश्र कुत्रा घेऊच नका. कळपामागे धावायची ओढ एकदा जागी झाली की गाभण शेळ्या धावून धावून गाभडतात. त्यापेक्षा दिवाळीनंतर विदर्भात उतरणाऱ्या रबारी मेंढपाळांशी किंवा जवळच्या धनगरांशी बोला. त्यांचं कुत्रं कळपातच जन्मलेलं असतं. पिल्लू तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून तीन-साडेतीन महिन्यांचं होईपर्यंत ज्यांच्यात राहतं त्यांना आपलं मानतं, आणि ते वय नंतर परत मिळत नाही.

बाग पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडलाच्या बाजूला असेल तर कुत्रा कधीही मोकाट नको. चितळाच्या पाडसामागे लागला तर वन्यजीव कायद्याचं प्रकरण होतं, आणि कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणूचा आजार वाघ-बिबट्यांनाही होतो. तिथे लसीकरण चुकवणं म्हणजे जंगलाचं नुकसान आहे.

नागपूरचा उन्हाळा त्याला सोसेल का?

२३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती, आणि ४५ तर आपण जवळजवळ दरवर्षी बघतो. दुहेरी केसांचा शेफर्ड, भोटिया किंवा त्यांचा क्रॉस ही डोंगराळ, थंड मुलखातली शरीरं आहेत. त्यांना इथे जगवता येतं, पण मार्च ते जून या काळात घराचं वेळापत्रक कुत्र्याप्रमाणे बदलावं लागतं. ते बदलायची तयारी नसेल तर आखूड केसांचा कुत्रा निवडा.

खरा धोका ओढीचा आहे. साधा कुत्रा ऊन लागलं की सावली गाठतो. हाय ड्राइव्ह कुत्रा चेंडू फेकला जातोय तोवर धावतो आणि तसाच कोसळतो. त्याला थांबायचं कळत नाही, ते तुम्हाला कळलं पाहिजे. एप्रिल-मेमध्ये चेंडू कपाटात ठेवून द्या. फिरणं पहाटे साडेपाचच्या आत. संध्याकाळी डांबर सात वाजताही तापलेलं असतं. हाताची मागची बाजू रस्त्यावर ठेवून सात सेकंद टिकली नाही तर पंजेही टिकणार नाहीत. रात्री नऊनंतर, मातीच्या जागेवर न्या.

दुपारी कूलरची खोली हवी, आणि वीज गेली तर काय याची सोय हवी. गच्चीवर किंवा पत्र्याच्या शेडखाली बांधायचा विचारही नको. मृगाचा पाऊस पडून उकाडा सुरू झाला की कूलरने काही होत नाही, खोली नुसती दमट होते. तेव्हा खिडक्या उघड्या आणि पंखा. केस मुळापासून कापू नका, वरचा थर उन्हापासून वाचवतो. आतले मऊ, सुटलेले केस कंगव्याने काढत राहा. शेफर्डचे मार्चमध्ये एवढे निघतात की पिशवी भरते.

धाप थांबत नाही, लाळ घट्ट झालीय, हिरड्या गडद लाल दिसतात, चालताना झोक जातोय, ही लक्षणं दिसली तर ऊन लागलं समजा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, १०४ च्या वर धोका आणि १०६ ला जिवावर बेततं. आधी नळाच्या साध्या पाण्याने पोट, जांघा, पंजे भिजवून पंखा लावा. बर्फ नको, अंगावर ओला टॉवेल गुंडाळून ठेवणंही नको, उष्णता आतच अडकते. १०३.५ च्या आसपास आला की पाणी ओतणं थांबवा आणि मग गाडीत घाला. बरा दिसला तरी डॉक्टरांना दाखवाच, मूत्रपिंडाचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतो.

घरात लहान मुलं आहेत, चालेल?

पाच-सहा वर्षांखालची मुलं असतील तर थांबा, असं मी सांगतो. मेंढपाळी रक्ताचं पिल्लू पळणाऱ्या मुलाच्या टाचेला दात लावतं. ते त्याचं कळप वळवणं असतं, पण मुलाला जखम होते, मूल किंचाळतं, आणि किंचाळण्याने पिल्लू आणखी चेवतं. दुसरी अडचण मुलांच्या मित्रांची. दोन भावंडांची मस्ती त्याच्या ओळखीची असते, पण शेजारचा मुलगा तुमच्या मुलाला ढकलताना दिसला तर राखणदार कुत्रा मधे पडतो. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन मुलं दारोदार येतात, त्या दिवशी कुत्रा आतल्या खोलीत, दार बंद. आमच्या घरातला चावत नाही, हे वाक्य त्या दिवशी तरी बाजूला ठेवा.

पिल्लू घेऊ की मोठा झालेला कुत्रा?

पहिलाच असा कुत्रा असेल तर दीड ते तीन वर्षांचा घ्या. आठ आठवड्यांच्या पिल्लात राखणीची वृत्ती दिसतच नाही. ती साधारण दीड वर्षानंतर उमलते आणि तीन वर्षांपर्यंत पक्की होते. म्हणजे पिल्लू घेताना तुम्ही अंदाजावर घेता, मोठा घेताना समोर दिसतंय ते घेता. तो परक्याशी कसा वागतो, मांजर दिसल्यावर ऐकतो का, एकटा राहिल्यावर दार कुरतडतो का, हे दोन-तीन भेटींत कळतं. एकदा त्याच्या घरी, एकदा रस्त्यावर, जमलं तर एकदा तुमच्याकडे, अशा भेटी घ्या.

"मोठा कुत्रा लळा लावत नाही" ही समजूत मला फार खटकते. शेफर्ड रक्ताचा कुत्रा दोन-तीन महिन्यांत नव्या माणसाला धरून राहतो. शहरात सोडून दिलेल्या, निवाऱ्यांत पडून असलेल्या शेफर्ड-क्रॉस कुत्र्यांची कमी नाही. त्यांच्यातला एखादा तुमच्यासाठी अगदी योग्य असू शकतो.

पिल्लूच घ्यायचं ठरलं. ब्रीडरकडे काय बघू?

आई. पिल्लू नंतर, आधी आई. ती समोर आणत नसतील, "गावाला आहे", "आजारी आहे" म्हणत असतील, तर चहा न घेता निघा. आईने तुम्हाला बघून भुंकणं ठीक आहे. मालकाने "असू दे" म्हटल्यावर ती शांत होते का, ते बघायचं. कोपऱ्यात शेपूट घालून गुरगुरणारी आई असेल तर तिची भीती पिल्लांत उतरते, आणि भित्रा राखणदार हा सगळ्यात जास्त चावणारा कुत्रा असतो. बाप बघायला मिळाला तर उत्तमच.

कुत्र्यांच्या पैदाशी-विक्रीचे २०१७ चे नियम आहेत. पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. पाच आठवड्यांचं पिल्लू आईपासून तोडलं की चावा किती जोरात घ्यायचा हे त्याला भावंडांकडून शिकायलाच मिळत नाही. कागदपत्रांच्या मोहात पडू नका, मिश्र कुत्र्याला जातीचं प्रमाणपत्र नसतंच. "डबल बोन", "हेवी बोन" ही जाहिरातीची भाषा आहे. आईबापाच्या खुब्यांचे एक्स-रे काढलेत का ते विचारा. शेफर्ड आणि रॉटवायलर दोघांतही खुब्याचा दोष आनुवंशिक असतो.

एक साधी परीक्षा सांगतो. पिल्लं खेळत असताना त्यांच्यापासून सहा-सात हातांवर स्टीलची ताटली फरशीवर पाडा. सगळीच दचकतील. एखादं दूर पळून परत येणारच नाही. एखादं लगेच ताटलीवर झेप घेऊन ती दातांत धरेल, मग भावंडालाही जवळ येऊ देणार नाही. आणि एखादं दोन पावलं मागे सरेल, कान उभे करेल, मान वाकडी करून बघेल, आणि थोड्या वेळाने सावकाश येऊन काठाचा वास घेईल. घरासाठी हे तिसरं. विकणारा तुम्हाला दुसरं देऊ करेल, "हा बघा किती डॅशिंग!" म्हणत.

त्यापेक्षा देशीच का नको?

जरूर बघा. आखूड केस, उन्हाची सवय, कमी आजार आणि परक्याची चाहूल घेण्यात अव्वल. घराला सूचना देणारा कुत्रा हवा, एवढीच गरज असेल तर गल्लीतल्या कुत्रीचं दोन महिन्यांचं पिल्लू ती उत्तम भागवतं. शेफर्ड-देशी क्रॉस तर मला नागपूरसाठी या सगळ्या मिश्रणांत जास्त शहाणा पर्याय वाटतो.

रोज किती वेळ द्यावा लागेल?

दीड ते दोन तास, सलग नाही, आणि आयुष्यभर. यातला निम्मा वेळ डोक्याच्या कामाचा हवा. फुटाळा तलावाभोवती नुसतं पळवून आणलेला कुत्रा महिन्याभरात अधिक दमदार होतो आणि अधिक मागतो. बागेत किंवा गच्चीवर भाकरीचे तुकडे लपवून नाकाने शोधायला लावा, ओळखीच्या माणसाचा माग काढायला शिकवा, दोन वस्तूंतली सांगितलेली आणायला लावा. वीस मिनिटं नाक चालवलेला कुत्रा तासभर धावलेल्यापेक्षा शांत झोपतो.

काहीही न करता बसणंही शिकवावं लागतं. चटईवर बसवा, तुम्ही पेपर वाचा, तो उठला नाही की मधूनच एक दाणा द्या. पहिल्या दिवशी मिनिटभर, मग वाढवत न्या. अशा कुत्र्याला हे सगळ्यात अवघड जातं, आणि घरात त्याच्यासोबत राहता येईल की नाही हे यावरच ठरतं. गर्दी-आवाजाची सवयही लहानपणीच, लांबून. मारबतीची मिरवणूक महालातल्या गर्दीत शिरून दाखवायची नसते. दोन गल्ल्या सोडून, ढोलाचा आवाज नुसता कानावर येईल तिथे उभं राहायचं आणि खाऊ द्यायचा.

खायला काय?

दूध-पोळीवर हा कुत्रा वाढत नाही. अंडी, कोंबडी, मासे किंवा चांगलं पेलेट (कुत्र्यांचं तयार कोरडं खाणं), सोबत भात-भाकर चालेल. कांदा, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट आणि शिजवलेली हाडं बंद. मोठ्या बांध्याच्या पिल्लाला मनाने कॅल्शियमचं टॉनिक पाजू नका, जास्तीच्या कॅल्शियमने सांधे बिघडतात. खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगून पीळ पडू शकतो, म्हणून दिवसाचं खाणं दोन वेळांत विभागा आणि खाल्ल्यावर तासभर पळापळ नको.

औषधपाण्यात काही वेगळी काळजी?

एक गोष्ट फार महत्त्वाची. कॉली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड यांसारख्या मेंढपाळी जातींत, आणि काही जर्मन शेफर्डमध्येही, एमडीआर-१ नावाच्या जनुकात दोष असतो. अशा कुत्र्याला गोचिड्यांसाठी किंवा खरजेसाठी आयव्हरमेक्टिनचं मोठ्या मात्रेचं इंजेक्शन दिलं तर तो बेशुद्ध पडू शकतो, मरूही शकतो. मिश्र कुत्र्याच्या अंगात कुणाचं रक्त आहे हे ठाऊक नसतं, म्हणून डॉक्टरांना स्वतःहून सांगा की यात मेंढपाळी जात आहे. दुकानातून आणून कंपाउंडरकडून टोचून घेणं तर नकोच.

गोचिड्या आपल्याकडे वर्षभर असतात आणि पावसाळ्यात उसळतात. त्यांच्यामुळे एर्लिकिया आणि बबेसियाचा ताप येतो. ताप, खाणं बंद, हिरड्या पांढऱ्या, नाकातून रक्त, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासा. पार्वो (रक्ताच्या जुलाबांचा विषाणूचा आजार) आणि डिस्टेंपरच्या लशी सहाव्या-आठव्या आठवड्यापासून, रेबीजची तीन महिन्यांना, मग डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. सेमिनरी हिल्सला १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. साध्या दवाखान्यात निदान होत नसेल तेव्हा तिथल्या दवाखान्याचा मोठा आधार आहे.

नसबंदी करायचीच, पण मोठ्या बांध्याच्या कुत्र्याची हाडं पूर्ण भरू द्या. वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवा.

कायदा काय म्हणतो? सोसायटी अडवू शकते का?

महापालिकेचा परवाना काढा आणि रेबीज लशीचं प्रमाणपत्र हाताशी ठेवा. सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना तसं स्पष्ट सांगतात. पण सार्वजनिक जागेत पट्टा आणि विष्ठा उचलणं ही आपली जबाबदारी आहे.

मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने रॉटवायलर, कॉकेशियन शेफर्ड, कंगाल धरून २३ प्रकारचे कुत्रे आणि त्यांचे क्रॉस यांवर बंदी घालायला राज्यांना सांगणारं परिपत्रक काढलं होतं. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते एप्रिल २०२४ मध्ये रद्द केलं. जर्मन शेफर्ड आणि मॅलिनॉइज त्या यादीत नव्हते. तरी यादीतल्या जातीचा क्रॉस घेणार असाल तर आधी महापालिकेत विचारून या. आणि माझं मत विचाराल तर थंड डोंगराळ मुलखातल्या कॉकेशियन रक्ताचं पिल्लू नागपुरात आणणं हे त्या जिवावरच अन्याय करणं आहे.

तुमच्या हलगर्जीपणामुळे कुत्र्याने कुणाला इजा केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. चावा घेतलाच तर लस झालेला कुत्रा असला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि माणसाला लगेच मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत किंवा जवळच्या दवाखान्यात न्या. खर्च आणि धावपळ तुमची.

अटॅक ट्रेनिंग द्यायचं का?

नाही. घरच्या कुत्र्याला माणसावर सोडायला शिकवू नका. ट्रेनरच्या हातावरच्या जाड बाहीवर चावा घ्यायला शिकलेल्या कुत्र्याला सोडायला लावणारा हात रोज घरात हवा, तो तुमच्याकडे नाही. महिनाभर ठेवून घेणाऱ्या ट्रेनरकडे पाठवलेला कुत्राही ट्रेनरचं ऐकायला शिकून येतो. तुम्ही स्वतः सोबत उभे राहाल असाच वर्ग निवडा. काटेरी साखळी, मारणं, उलटं पाडून दाबणं दिसलं तर कुत्रा घेऊन घरी या. तोंडाच्या जाळीची सवय मात्र पिल्लू असल्यापासून, आत खाऊ ठेवून, लावा. दवाखान्यात तिचा फार उपयोग होतो.

सगळं करूनही जमलं नाही तर?

लवकर बोला. पहिल्यांदा गुरगुरल्यावर मदत मागितली तर बहुतेक वेळा मार्ग निघतो, तिसऱ्या चाव्यानंतर पर्याय फार थोडे उरतात. आधी पशुवैद्याकडे, कारण खुबा किंवा कान दुखत असला तरी कुत्रा चिडतो. मग वर्तनावर काम करणारा चांगला प्रशिक्षक. तरीही घर बदलावंच लागलं तर ज्याच्याकडून आणला त्याला पहिलं विचारा. नव्या माणसाला काहीही लपवू नका: कुणाला चावला, कधी, कशामुळे, कोणती औषधं चालू आहेत, कोणत्या आवाजाला बिथरतो. हे कागदावर लिहून, लशीच्या वहीसोबत द्या. कुत्रा अमरावती रोडवर किंवा जंगलाच्या कडेला सोडून येणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि माणसांत वाढलेला शेफर्ड-क्रॉस तिथे काही दिवसही तग धरत नाही.